हृदयाघातोत्तर हृदयावरणशोथ : निदान, सापेक्षविचार आणि वैद्याचे कर्तव्य

हृदयाघातातून बचावलेला रुग्ण रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा पुढील दोन-तीन महिन्यांत त्याचा सर्वांत अधिक संबंध कोणाशी येत असेल, तर तो गावातील वा पेठेतील परिचित वैद्याशी. हृद्रोगतज्ज्ञाची भेट महिन्यातून एकदा होते. वैद्याचा दवाखाना मात्र घरापासून हाकेच्या अंतरावर असतो. अशा रुग्णास तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंगात कणकण येते, छातीत टोचल्यासारखे दुखू लागते, दीर्घ श्वास घेता येत नाही. घरची माणसे दोन टोकांना जातात. कोणी म्हणते, पुन्हा झटका आला. कोणी म्हणते, वात धरला आहे, शेकून काढू. या दोहोंच्या मध्ये बसलेल्या वैद्यास तिसरी एक शक्यता ठाऊक असणे आवश्यक आहे. ती म्हणजे हृदयाघातोत्तर हृदयावरणशोथ. हा विकार बहुधा साध्य आहे. परंतु तो ओळखला न गेल्यास किंवा त्यावर चुकीचे वेदनाशामक दिले गेल्यास प्राणावर बेतू शकते. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याच्या निदानाचा आणि चिकित्सेतील सावधगिरीचा विचार केला आहे.

प्रथम संज्ञेविषयी थोडे. पेरिकार्डियम या अवयवास आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘हृदयावरण’ हा शब्द रूढ झाला आहे व येथेही तोच योजला आहे. तथापि चरकसंहितेच्या विषचिकित्सिताध्यायात चोवीस उपक्रमांमध्ये ‘हृदयावरण’ येते, तेथे ते शरीरावयवाचे नाव नसून विषापासून हृदयाचे रक्षण करण्याचा उपक्रम आहे. विद्यार्थी या ठिकाणी हटकून गोंधळतात, म्हणून हा उल्लेख. अवयव म्हणून पाहता हृदयावरण ही हृदयाभोवतीची पिशवी असून तिच्या आतील बाजूस दोन गुळगुळीत पदर असतात. त्या पदरांमध्ये प्राकृतावस्थेत सुमारे १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. हृदयाची हालचाल घर्षणावाचून व्हावी, हे त्या द्रवाचे कार्य.

दोन काळ, दोन प्रकार

हृदयाघातानंतरचा आवरणशोथ दोन वेगळ्या काळांत दिसतो आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. पहिला प्रकार आघातानंतर साधारण एक ते चार दिवसांत होतो. हृत्पेशींचा मृत्यू मांसभित्तीच्या पूर्ण जाडीत झाला, तर तेथील शोथ लगतच्या आवरणास सरळ स्पर्श करतो. हा रुग्ण बहुधा अतिदक्षता विभागातच असल्याने आपल्यासमोर क्वचितच येतो.

दुसरा प्रकार उशिराचा. आघातानंतर एक ते आठ आठवड्यांत आणि विरळा त्याहूनही पुढे. विल्यम ड्रेसलर या न्यूयॉर्क येथील हृद्रोगतज्ज्ञाने १९५६ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले व १९५९ मध्ये ४४ रुग्णांचा विस्तृत वृत्तांत दिला. त्याच्याच नावाने हा ‘ड्रेसलर सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. मृत हृत्पेशींतून बाहेर पडलेली द्रव्ये शरीराच्या रोगप्रतिकारयंत्रणेस परकी भासतात, तिचा रोख स्वतःच्याच ऊतींवर वळतो आणि आवरणाचा शोथ उत्पन्न होतो, अशी त्याची उपपत्ती मानली जाते. मध्ये काही आठवडे जातात ते यामुळेच. ज्वर, फुप्फुसावरणाचाही शोथ आणि पुनःपुन्हा उद्भवण्याची प्रवृत्ती या तिन्ही गोष्टी त्याच उपपत्तीशी जुळतात. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर, कधी पेसमेकर बसवल्यानंतरही असाच शोथ होतो.

ड्रेसलरच्या काळी हृदयाघाताच्या शंभर रुग्णांत तीन-चार जणांस हा विकार होत असे. रक्तगुठळी विरघळवणारी औषधे व तातडीची अँजिओप्लास्टी रूढ झाल्यापासून हे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. कारण उघड आहे: रक्तवाहिनी लवकर मोकळी झाली, की मृत मांसाचा भाग लहान राहतो. परंतु याचाच दुसरा अर्थ असा, की जो रुग्ण उशिरा पोहोचला, छातीतील दुखणे आम्लपित्त समजून ज्याने दोन दिवस घरीच काढले, त्याला हा धोका अधिक. मधुमेही व वृद्ध रुग्णांत तर मूळ आघात वेदनेवाचून होऊन गेलेला असू शकतो. अशा रुग्णाच्या कागदपत्रांत हृदयाघाताची नोंदच नसते. म्हणून ज्वरासह छातीत टोचणी घेऊन आलेल्या मधुमेही रुग्णास, “महिन्या-दीड महिन्यापूर्वी एखाद्या रात्री अकारण घाम, मळमळ, धाप असे काही झाले होते काय?” हा प्रश्न अवश्य विचारावा.

संहितोक्त हृद्रोगाशी संबंध

या विकाराचे एका शब्दातील प्राचीन नाव शोधण्याचा मोह टाळावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हृद्रोगाचे पाच प्रकार चरकाने सूत्रस्थानाच्या सतराव्या आणि चिकित्सास्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात सांगितले. सुश्रुताने उत्तरतंत्राच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात हृद्रोगाचा विचार केला. त्यांपैकी कोणत्याही एका प्रकारात हा शोथ पूर्णतः बसत नाही. तोद आणि भेद वातज हृद्रोगातील. हृदयाचे जडत्व, स्तब्धता, दगडाखाली दबल्याची भावना, कास व ज्वर कफज हृद्रोगातील. दाह, तम व ज्वर पित्तज हृद्रोगातील. आवरणशोथाच्या रुग्णात यांचे मिश्रण दिसते आणि अवस्थेनुसार ते पालटते. आरंभी शोथ कोरडा असतो तेव्हा तोद प्रबळ. द्रव साचू लागला, की तोद कमी होऊन गौरव व श्वासकष्ट वाढतात.

हा अवस्थाभेद चिकित्सकाने विशेष लक्षात ठेवावा. कारण वेदना कमी झाली म्हणजे रोग उतरला, असा समज येथे घातक ठरू शकतो. घर्षण करणारे दोन पदर द्रवामुळे एकमेकांपासून दूर गेले, म्हणून टोचणी थांबली असण्याचा संभव असतो.

सुश्रुताने उत्तरतंत्राच्या बेचाळिसाव्या अध्यायात गुल्माच्या अनुषंगाने हृच्छूलाचे वर्णन केले आहे. कफपित्ताने अवरुद्ध झालेला वायू रसाशी संयुक्त होऊन हृदयात शूल उत्पन्न करतो व उच्छ्वास रोखतो, असा त्याचा आशय आहे. श्वासाशी निगडित असलेल्या हृदयप्रदेशीच्या शूलाचे हे निरीक्षण आवरणशोथाच्या चित्राजवळ जाते. ते जवळ जाते इतकेच म्हणावे; दोन्ही एकच आहेत असे म्हणण्यास आधार नाही.

प्रश्नपरीक्षा व प्रत्यक्ष परीक्षा

हृदयाघाताची वेदना दाब, आवळणे, जळजळ अशा स्वरूपाची असते. श्वासाने वा कूस पालटल्याने ती फारशी बदलत नाही. आवरणशोथाची वेदना तीक्ष्ण असते. दीर्घ श्वास, खोकला, गिळणे आणि उताणे निजणे यांनी वाढते, बसून पुढे वाकल्यास कमी होते. रुग्ण रात्री उशी पोटाशी धरून ओणवा बसून राहतो. ही वेदना मानेच्या मुळापासून खांद्याकडे उतरणाऱ्या कडेवर जाणवत असेल, तर निदानास मोठे बळ मिळते. हृदयाघाताची वेदना नेमकी त्या कडेवर सहसा जात नाही.

येथे एक फसगत संभवते. तमकश्वासाचा रुग्णही निजल्यावर बेचैन होतो व बसल्यावर सुखावतो, हे आपण प्रथम वर्षापासून शिकत आलो आहोत. हृदयाची शक्ती क्षीण झालेला रुग्णही तसाच उठून बसतो. भेद असा, की या दोघांना बसल्याने धाप कमी झाल्याचे सुख मिळते. आवरणशोथाच्या रुग्णास पुढे वाकल्याने वेदना कमी झाल्याचे. “काय कमी होते, धाप की टोचणी?” असे स्पष्ट विचारल्याखेरीज रुग्ण हा भेद आपण होऊन सांगत नाही. याच संदर्भात हेही सांगितले पाहिजे, की स्टेंट बसवलेल्या अनेकांना दिले जाणारे टिकाग्रेलॉर हे औषध काही रुग्णांत स्वतःच धाप उत्पन्न करते. ती धाप श्वासरोगाची समजून त्यावर उपचार करत बसू नये आणि ते औषध आपण होऊन बंदही करू नये.

श्रवणपरीक्षेसाठी रुग्णास पुढे वाकवून बसवावे, श्वास बाहेर सोडून थोपवण्यास सांगावे आणि स्टेथोस्कोपची चकती उरोस्थीच्या डाव्या कडेस, खालच्या भागी, दाबून धरावी. नव्या कोल्हापुरी वहाणेच्या करकरीसारखा, वरवरचा, खरखरीत घर्षणध्वनी ऐकू आला, तर तो या विकाराचा जवळजवळ निर्णायक पुरावा होय. श्वास रोखल्यावरही ध्वनी चालूच राहिला, तर तो हृदयावरणाचा. थांबला, तर फुप्फुसावरणाचा. हा ध्वनी येतो आणि जातो. सकाळी ऐकलेला सायंकाळी नसतो. म्हणून त्याच्या अभावावरून विकार नाही असे ठरवू नये.

नाडीपरीक्षेत निष्णात असलेल्या वैद्यबंधूंनी एका गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे. आवरणात द्रव झपाट्याने साचून हृदय बाहेरून दाबले जाऊ लागले, की श्वास आत घेताना नाडी क्षीण होते. अवस्था तीव्र असल्यास ती बोटांखालून नाहीशीच होते आणि श्वास सोडताना पुन्हा लागते. केवळ स्पर्शावर न विसंबता रक्तदाबमापकाने हे मोजावे. पट्टीतील दाब अत्यंत सावकाश उतरवीत जावे. प्रथम ध्वनी फक्त उच्छ्वासाच्या वेळी ऐकू येतात, तो आकडा नोंदवावा. आणखी खाली गेल्यावर ते श्वासाच्या दोन्ही गतींत सलग ऐकू येऊ लागतात, तो आकडाही नोंदवावा. दोहोंतील अंतर १० मिलिमीटरहून अधिक असेल, तर हृदयावर दाब येत असल्याचा संशय घ्यावा. तीव्र श्वासरोगातही हे अंतर वाढते आणि नाडी मुळातच अनियमित असेल तर हे मापन विश्वसनीय राहत नाही, या दोन मर्यादा आहेत. याच्या जोडीला मानेतील शिरा फुगलेल्या, रक्तदाब उतरलेला आणि हृद्ध्वनी दूरस्थ, मंद अशी तीन लक्षणे एकत्र दिसली, तर एक क्षणही दवडू नये. अशा रुग्णास दवाखान्यात कोणतेही औषध देत न बसता, शक्य तो बसलेल्या स्थितीत, जेथे आवरणातील द्रव सुईने काढण्याची सोय आहे अशा रुग्णालयात धाडावे. हृदय हे सद्यःप्राणहर मर्म का, याचे प्रत्यंतर येथे येते.

आणखी काय असू शकेल?

लक्षणे कितीही जुळली, तरी हृदयाघात होऊन गेलेल्या रुग्णाच्या छातीतील नव्या वेदनेस केवळ लक्षणांवरून आवरणशोथ म्हणू नये. ईसीजी, ट्रोपोनिन आणि इको या तपासण्या झाल्यावाचून कोणतीही चिकित्सा नको. स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होणे, नवा हृदयाघात, दीर्घकाळ अंथरुणात पडून राहिल्याने पायातील गुठळी फुप्फुसात जाणे, मृत भागाशी हृद्भित्ती फाटू लागणे, न्यूमोनिया ही सर्व याच काळात संभवतात. फुप्फुसातील गुठळी विशेषतः फसवी. तिच्यातही श्वासासरशी टोचते.

ईसीजीमध्ये आवरणशोथाचे बदल एका भागापुरते न राहता बहुतेक लीडमध्ये पसरलेले दिसतात. परंतु जुन्या आघाताच्या बदलांत ते झाकोळून जातात, तेव्हा निर्णय तज्ज्ञाकडे सोपवावा. ईएसआर व सीआरपी वाढलेले असतात. आपल्या देशात आवरणात द्रव साचण्याचे एक मोठे कारण राजयक्ष्मा हे आहे. सायंकाळचा ज्वर, कृशता आणि दीर्घकाळ टिकणारा द्रव असल्यास, रुग्णास हृदयाघात होऊन गेला आहे एवढ्यावरून ड्रेसलरचे नाव देऊन स्वस्थ बसू नये.

चिकित्सा : काय द्यावे यापेक्षा काय देऊ नये

तज्ज्ञांच्या देखरेखीखाली या विकारात प्रथम ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत देतात. साधारणतः दर सहा ते आठ तासांनी ५०० ते १००० मिलिग्रॅम, जठराचे रक्षण करणाऱ्या औषधासह. रुग्ण रोज घेत असलेली ७५ मिलिग्रॅमची गोळी रक्तबिंबिका एकत्र येऊ नयेत यासाठी असते. तेवढ्याने शोथ उतरत नाही. रुग्ण टिकाग्रेलॉर घेत असल्यास ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने त्या औषधाचा लाभ घटतो. त्यामुळे ही मात्रा हृद्रोगतज्ज्ञानेच ठरवावी.

सर्वांत महत्त्वाचा निषेध असा: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, इंडोमेथॅसिन यांसारखी वेदनाशामके आणि स्टेरॉइड ही हृदयाघातानंतरच्या काळात वर्ज्य समजावीत. मृत मांसाच्या जागी व्रणवस्तू तयार होत असते. ही औषधे तिची घडण बिघडवतात, भित्ती पातळ राहते व फाटण्याचा धोका संभवतो. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या रक्तबिंबिकांवरील कार्यातच अडथळा आणते. छातीत दुखते म्हणून कंबरेत टोचलेले डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन तात्पुरता आराम देते, परंतु त्याची किंमत हृदय मोजते.

दुसरे औषध कोल्चिसिन. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयकॅप या अभ्यासात तीव्र आवरणशोथाच्या २४० रुग्णांपैकी कोल्चिसिन मिळालेल्या गटात विकार रेंगाळण्याचे वा उलटण्याचे प्रमाण १६.७ टक्के, तर न मिळालेल्या गटात ३७.५ टक्के आढळले. त्यातील बहुसंख्य रुग्णांत विकाराचे कारण अज्ञात होते, हे खरे. तरी त्यावरून ड्रेसलरच्या विकारातही ते योजले जाते. मात्रा अर्धा मिलिग्रॅम, शरीरभारानुसार दिवसातून एकदा वा दोनदा.

कोल्चिसिनचे नाव घेताच आपल्यापैकी अनेकांना लांगलीची आठवण होईल. युनानी परंपरेने वातरक्तासाठी वापरलेल्या सुरंजानात जसे कोल्चिसिन आहे, तसेच ते पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर फुलणाऱ्या आपल्या कळलावीतही आहे. हे साम्य मनोरंजक आहे. परंतु त्यावरून गोळीऐवजी लांगलीचूर्ण देण्याचा विचारही करू नये. शार्ङ्गधराने तिची गणना उपविषांत केली ती उगीच नव्हे. कंदातील कोल्चिसिनचे प्रमाण स्थान, ऋतू व शोधनानुसार बदलते. औषधी मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर मात्र फार थोडे आहे. अतिसार, वमन, रक्तकण घटणे आणि मृत्यू हा तिच्या विषाचा क्रम होय. गोळीच्या रूपातील कोल्चिसिनही वृक्कविकारात जपून द्यावे लागते. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाबरोबर ते विषारी पातळी गाठते आणि स्टॅटिनबरोबर स्नायूंस अपाय करू शकते. अतिसार सुरू झाला, तर कुटज देऊन तो थांबवण्यापूर्वी रुग्णाच्या औषधांची यादी पाहावी.

आता आपल्या उपक्रमांविषयी. छातीवर तेल लावून शेक घेणे हा घराघरांतील प्रघात आहे. परंतु हृदयास स्वेद द्यावयाचा तर मृदू, नाहीतर मुळीच नको, असे चरकाने स्वेदाध्यायात बजावले आहे आणि अन्यत्र स्वेदन करतानाही शीतल स्पर्शाने हृदयाचे रक्षण करण्यास सांगितले आहे. वमनाविषयी, कफज हृद्रोगात ते विहित असले, तरी सिद्धिस्थानात हृद्रोगी हा अवम्यांत मोजला आहे. ताज्या हृदयाघातानंतर या दोन वचनांपैकी कोणते प्रमाण मानावयाचे, याविषयी वाद संभवत नाही. तीव्रावस्थेत कोणतेही शोधन नको.

गुग्गुळाचे कल्प शोथघ्न म्हणून हाताशी येतात, तेव्हा थांबावे. मुंबईतील संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुग्गुलिपिडबरोबर घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या हृद्रोगातील औषधांची रक्तातील उपलब्धता घटल्याचे दिसले. रक्तबिंबिकांवर दुहेरी औषधे चालू असताना गुग्गुळ वा लसूण मोठ्या मात्रेत दिल्यास रक्तस्रावाचा धोकाही वाढू शकतो. शोथयुक्त आवरणात रक्त उतरणे परवडणारे नाही. खोकल्यासाठी यष्टीमधु दीर्घकाळ दिल्यास शरीरात क्षार व पाणी साठते. अर्जुनक्षीरपाक प्रकृती स्थिरावल्यावर, तज्ज्ञांस कळवून, हृद्य म्हणून द्यावा. तीव्र आवरणशोथावरचा तो उपचार नव्हे.

मग आपण काय करावे? विश्रांतीवर कटाक्ष ठेवावा. हृदयाघातानंतर रुग्णास चालण्याचा व्यायाम सांगितलेला असतो. शोथाच्या काळात, वेदना जाऊन सीआरपी प्राकृत होईपर्यंत, तो थांबवण्याविषयी तज्ज्ञांशी बोलावे. ज्वर व अग्निमांद्य असेतो पेया, मूगाचे कढण, अल्प लवण असा लघु आहार द्यावा. द्रवाची मर्यादा सांगितलेली असेल, तर कढणाचे पाणीही तीत मोजावे. आणि स्टेंट बसवलेल्या रुग्णाची रक्त पातळ ठेवणारी औषधे आपल्या शब्दावरून एक दिवसही बंद पडू नयेत. ती अचानक थांबवल्याने स्टेंटमध्ये गुठळी होते आणि ती मारक असते.

हा विकार उलटतो, म्हणून पहिल्या वर्षात रुग्णास अधूनमधून विचारीत राहावे. क्वचित शोथ शमल्यानंतर आवरण जाड व कठीण होऊन हृदयास आवळून धरते. हा रुग्ण काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उदरवृद्धी, पायांवर सूज आणि थकवा घेऊन येतो. छातीत तर काहीच दुखत नसते, त्यामुळे यकृद्विकारजन्य जलोदर समजून पुनर्नवा व आरोग्यवर्धिनी सुरू होते. अशा प्रत्येक जलोदरी रुग्णास अर्धवट उठवून बसवावे आणि पोटाकडे पाहण्यापूर्वी मानेकडे पाहावे. यकृतापुरत्या मर्यादित जलोदरात मानेतील शिरा सहसा फुगलेल्या नसतात. त्या फुगलेल्या असतील, तर पूर्वी हृदयाघात, हृदयावरील शस्त्रक्रिया किंवा राजयक्ष्मा झाला होता काय हे विचारून प्रथम इको करून घ्यावा.